रंगांचा डबा लावताना: आधी उजळ-गडद, मग उष्ण-शीत

इंटरमिजिएटच्या परीक्षेपासून उरलेल्या ट्यूबा, कुणी वाढदिवसाला दिलेला पोस्टर कलरचा संच, जळगावला काही कामानं गेल्यावर घेतलेले दोन-चार भारीतले जलरंग, कापडावर रंगवायचं खूळ होतं तेव्हाचे ॲक्रिलिक. नव्यानं रंगवायला बसलेल्या बहुतेकांच्या घरी रंगांचा ऐवज असाच एका खोक्यात कोंबलेला असतो. निळा हवा म्हणून हात घालावा तर तीन निळे निघतात, आणि त्यातला कुठला घ्यायचा हे टोपणाच्या रंगावरून ठरतं. चित्र मळायला सुरुवात तिथूनच होते.

खोका आवरायला घेतला की बहुतेक जण इंद्रधनुष्याचा क्रम लावतात. तांबडे एकीकडे, पिवळे एकीकडे, निळे एकीकडे. दिसतं झकास. पण चित्रासमोर बसल्यावर ‘मला निळा हवा’ असं क्वचितच वाटतं. प्रश्न पडतो तो असा: केळीच्या घडाखालच्या सावलीला पुरेल इतका गडद, पण हिरव्याशेजारी उपरा न वाटणारा रंग माझ्याकडे कुठला आहे? त्याचं उत्तर इंद्रधनुष्याच्या रांगेत सापडत नाही. म्हणून रंग लावायचे ते आधी उजळ-गडदपणावर. चित्रकार त्याला टोन किंवा व्हॅल्यू म्हणतात. मग प्रत्येक पायरीत शीत रंग डावीकडे, उष्ण उजवीकडे. रंगाचं नाव सगळ्यात शेवटी.

कामाला दोन दिवस धरा, कारण मध्ये रंग वाळू द्यावे लागतात.

पायरी १: खोका रिकामा करा

जमिनीवर वर्तमानपत्र पसरा आणि सगळं ओता. पहिली वाटणी माध्यमाची: जलरंग, पोस्टर, ॲक्रिलिक, तैलरंग. हे चारही वेगवेगळे वाळतात, तेव्हा एका तक्त्यात त्यांची सरमिसळ नको.

मग मेलेले रंग बाजूला काढा. आपल्याकडे हा ढीग मोठाच निघतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि पत्र्याच्या खोलीत वरच्या फळीवर ठेवलेल्या ट्यूबेचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. कडक झालेली जलरंगाची ट्यूब मात्र फेकू नका. जलरंगात डिंक असतो आणि पाणी लागलं की तो पुन्हा विरघळतो. ट्यूब ब्लेडनं उभी चिरा, आतली कांडी बाटलीच्या खोलगट झाकणात ठेवा, वर दोन थेंब पाणी सोडा. वडीच्या रंगासारखी ती आरामात चालते. घट्ट झालेल्या पोस्टर कलरच्या बाटलीत चमचाभर पाणी घालून रात्रभर ठेवलं तर बऱ्याचदा जमून जातं. पण आंबूस वास येत असेल किंवा वर बुरशी धरली असेल तर बाटली सरळ कचऱ्यात. ॲक्रिलिक एकदा वाळलं की ते प्लास्टिकच झालं, त्याच्या नादी लागू नका.

टोपण अडकलं असेल तर पकडीनं पिरगाळायचं नाही, ट्यूब मानेपाशी फाटते. टोपणाची बाजू मिनिटभर गरम पाण्यात धरा आणि फडक्यात पकडून फिरवा.

पायरी २: ट्यूबेच्या पाठीवरचं वाचा

पुढे मोठ्या अक्षरात छापलेलं नाव कंपनीनं दिलेलं असतं. आत काय भरलंय ते मागच्या बारीक अक्षरांत सापडतं. प्रत्येक रंगद्रव्याला जगभर एकच सांकेतिक क्रमांक आहे: अल्ट्रामरीन म्हणजे पीबी २९, थॅलो ब्लू पीबी १५, यलो ऑकर पीवाय ४३, टायटॅनियम व्हाइट पीडब्ल्यू ६. पहिलं अक्षर पिगमेंटचं, दुसरं रंगाचं. नाव एकच पण दोन कंपन्यांचे क्रमांक वेगळे असतील तर ते दोन वेगळे रंग समजा. एका ट्यूबेवर दोन-तीन क्रमांक असतील तर तो आधीच मिसळलेला रंग आहे. सॅप ग्रीन बहुधा असाच असतो. असे रंग आणखी एखाद्या रंगात मिसळले की लवकर मळतात.

नावापुढे ‘ह्यू’ लिहिलेलं असेल तर मूळ द्रव्याऐवजी त्याच्यासारखा दिसणारा पर्याय भरला आहे. कॅडमियम यलो ह्यूमध्ये कॅडमियम नसतं. त्यात वाईट काही नाही, भाव कमी असतो आणि विषारीपणाची धास्तीही नाही. फक्त तो मुळाइतकाच उष्ण असेल असं गृहीत धरू नका. विद्यार्थ्यांच्या स्वस्त संचांवर कधी कधी क्रमांकच नसतो, तिथे पुढच्या पायरीवर भिस्त ठेवायची. आणि पीआर ८३ हा क्रमांक दिसला तर लक्षात ठेवा, तो अस्सल अलिझरिन क्रिमसन. उजेडात उडतो. दिवाणखान्यात खिडकीसमोर लावायच्या चित्रात नको.

पायरी ३: नमुन्याची कार्डं

लावायची असतात ती कार्डं. ट्यूबा नंतर कार्डांच्या मागे जातात. टोपणाचा रंग, लेबलावरची छपाई आणि कागदावर उतरणारा रंग ही तीन वेगळी प्रकरणं आहेत.

ज्या कागदावर चित्र काढता त्याच कागदाची दोन बाय तीन इंचांची कार्डं कापा. लग्नसराईतल्या पत्रिकांच्या कोऱ्या पाठी वापरायचा मोह होईल, पण त्या गुळगुळीत कागदावर जलरंग ठरत नाही. प्रत्येक कार्डावर आधी पाण्यानं न पसरणाऱ्या काळ्या मार्करनं एक उभी रेघ मारा. रेघ वाळली की तिच्यावरून रंगाचा आडवा पट्टा ओढा: डावीकडे होईल तितका जाड, उजवीकडे पातळ होत गेलेला. जलरंग पाण्यानं पातळ करायचा, बाकीचे पांढरा मिसळून. खाली बॉलपेननं नाव, क्रमांक, कंपनी लिहा. काळी रेघ रंगाखालून स्वच्छ दिसत असेल तर रंग पारदर्शक, झाकली गेली तर अपारदर्शक, हा हिशेब आयताच मिळतो.

पातळ टोकाचा कंटाळा करू नका. अल्ट्रामरीन, प्रशियन ब्लू, थॅलो ब्लू हे सगळे जाड थरात जवळजवळ काळेच दिसतात. पातळ केल्यावरच एक जांभळ्याकडे झुकतो आणि दुसरा हिरव्याकडे, हे कळतं.

कार्डं रात्रभर वाळू द्या. जलरंग वाळल्यावर उजळतो. ॲक्रिलिक उलट थोडा गडद होतो. पोस्टर कलरचं तर आणखी वेगळं, त्यातले उजळ रंग वाळताना गडद होतात आणि गडद रंग फिकटतात. ओल्या रंगावरून पायरी ठरवलीत तर ती हमखास चुकणार.

पायरी ४: राखाडी पट्टी आणि पंचिंग मशीन

अल्बर्ट मन्सेल या अमेरिकन चित्रकार-शिक्षकानं १९०५ मध्ये रंगमोजणीची जी पद्धत मांडली, तिच्यात काळ्याला ० आणि पांढऱ्याला १० धरून मध्ये राखाडीच्या पायऱ्या आहेत. नवशिक्याला दहा पायऱ्या जड जातात. पाच पुरेत: १ सगळ्यात गडद, ५ सगळ्यात उजळ.

जाड कागदाची इंचभर रुंद पट्टी घ्या आणि तिच्यावर पाच चौकोन आखा. एका टोकाला निव्वळ काळा, दुसऱ्या टोकाला निव्वळ पांढरा पोस्टर कलर. आता मधला राखाडी. पांढऱ्यात काळा घालत जायचं, काळ्यात पांढरा नाही, नाहीतर अर्धी बाटली पांढरा संपेल तरी रंग वर येणार नाही. काळाही ब्रशच्या टोकाला लागेल एवढाच. मधल्या राखाडीला आपण समजतो त्यापेक्षा फारच कमी काळा लागतो. तो दोन्ही टोकांपासून सारखाच दूर वाटला की थांबा, मग २ आणि ४ भरा. वाळल्यावर कागदांना भोकं पाडायचं जे पंचिंग मशीन घरात किंवा ऑफिसात असतं, त्यानं प्रत्येक चौकोनाच्या मध्यावर एक भोक पाडा.

झालं तुमचं मोजमाप तयार. पट्टी कार्डावरच्या जाड रंगावर ठेवा, भोकातून रंग दिसू द्या आणि डोळे इतके किलकिले करा की पापण्यांचे केस मध्ये येतील. ज्या चौकोनातलं भोक त्या राखाडीत विरघळल्यासारखं वाटेल, ती त्या रंगाची पायरी. कार्डाच्या कोपऱ्यात आकडा लिहून टाका. हे काम सकाळी ओसरीच्या सावलीत किंवा उत्तरेच्या खिडकीशी करावं. दुपारच्या उन्हात डोळे दिपतात, आणि पिवळ्या बल्बखाली तर बसूच नका.

साधारण असं निघतं: लेमन यलो ५, गॅम्बोज किंवा क्रोम यलो ४, यलो ऑकर ३ आणि ४ च्या मध्ये, व्हर्मिलियन आणि सेरुलियन ब्लू ३ च्या आसपास, बर्न्ट सिएना, व्हिरिडियन, सॅप ग्रीन २, आणि अल्ट्रामरीन, प्रशियन ब्लू, बर्न्ट अंबर तळाला १. कंपनीगणिक फरक पडतो, म्हणून हे आकडे उतरवून न घेता स्वतः मोजा.

नवख्यांना चकवतो तो लाल. नंदुरबारकडे मिरच्यांच्या पथाऱ्या पडतात तेव्हा शेतच्या शेत पेटल्यासारखं दिसतं, आणि रंगवणारा डोळे मिटून सगळ्यात उजळ लाल उचलतो. त्याच पथारीचा फोटो मोबाइलमध्ये काळा-पांढरा करून बघा. भोवतालची वाळलेली माती उजळ निघते आणि मिरची तिच्यापेक्षा चांगली दोन पायऱ्या गडद. भडकपणा आणि उजळपणा यांचा काही संबंध नाही. हे एकदा डोळ्यांना पटलं की अर्धा डबा आपोआप लागतो.

मोबाइलची मदत कार्डांनाही घेता येते. सगळी कार्डं सावलीत पसरून एकच फोटो काढा आणि संपादनात सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, अगदी तळाला आणा. तयार ब्लॅक अँड व्हाइट फिल्टर नको, ते गडदाला आणखी गडद करतात. फोटो आणि पट्टी यांचं भांडण झालं तर पट्टीवर विश्वास ठेवा. रंगाशिवाय निव्वळ उजेड-सावलीवर किती काय उभं राहतं हे बघायचं असेल तर चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांचं घर पाहून या. १९८९ मध्ये ते वारले. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून त्यांनी टिपलेले देखावे व्हॅल्यूचा उत्तम धडा आहेत.

पायरी ५: उष्ण की शीत?

शाळेतल्या तक्त्यात लाल, नारिंगी, पिवळा उष्ण आणि निळा, हिरवा शीत. भिंतीवरच्या तक्त्याला ते ठीक आहे. डबा लावताना ते पुरत नाही, कारण तुमच्या हातात दोन पिवळे असतात आणि त्यातला एक निवडायचा असतो. म्हणून तुलना घरातल्या घरात करायची, पिवळ्याची पिवळ्याशी, लालाची लालाशी. कार्डं शेजारी ठेवा आणि एवढंच विचारा: हा कुणाकडे झुकतोय?

लेमन यलो हिरव्याकडे झुकतो, तो पिवळ्यांतला शीत. गॅम्बोज नारिंगीकडे, तो उष्ण. स्कार्लेट आणि व्हर्मिलियन नारिंगीकडे झुकतात म्हणून उष्ण, क्रिमसन जांभळ्याकडे म्हणून शीत. सॅप ग्रीन उष्ण, व्हिरिडियन शीत. मातकट रंगांत बर्न्ट सिएना उष्ण, रॉ अंबर त्यामानानं शीत.

निळ्यापाशी आल्यावर वाद होतो. अल्ट्रामरीन जांभळ्याच्या, म्हणजे लालाच्या बाजूला आहे, म्हणून त्याला उष्ण निळा म्हणणारे पुष्कळ आहेत. हिरवट निळ्यात पिवळ्याची छाया आहे, म्हणून प्रशियन आणि थॅलोच उष्ण, असं म्हणणारेही तितकेच. दोन्हीकडे जाणती माणसं आहेत, तुम्ही त्यात पडू नका. कार्डावर ‘जांभळ्याकडे’ किंवा ‘हिरव्याकडे’ असं लिहा, मिसळताना तेच उपयोगी पडतं. मी अल्ट्रामरीन उजवीकडे ठेवतो. तुम्ही डावीकडे ठेवलात तरी काही बिघडत नाही, फक्त दर महिन्याला जागा बदलू नका.

शंका उरली तर मिसळून बघा. लेमन यलो आणि प्रशियन ब्लू यांतून स्वच्छ पोपटी हिरवा निघतो. केळीच्या कोवळ्या पोंग्याचा रंग तोच. गॅम्बोज आणि अल्ट्रामरीन यांतून शेवाळी, थोडा मळका हिरवा येतो, आणि करपा पडलेल्या जुन्या पानाला तोच लागतो. क्रिमसन आणि अल्ट्रामरीन मिळून जांभळा खुलतो, क्रिमसनच्या जागी व्हर्मिलियन घातला की त्याचा तपकिरी-राखाडी गाळ होतो. मळका रंग वाईट नसतो. तो न मागता आला की वाईट.

काळा-पांढराही यातून सुटत नाहीत. आयव्हरी ब्लॅकमध्ये लेमन यलो घातला की चक्क ऑलिव्ह हिरवा होतो, म्हणजे तो काळा निळ्यासारखा वागतो. पांढरा सगळ्यांनाच थंड करतो. व्हर्मिलियनमध्ये पांढरा घालून उजळ लाल करायला जावं तर हाती गुलाबी येतो. लालाला उष्ण ठेवूनच उजळायचं असेल तर पांढऱ्याबरोबर थोडा गॅम्बोज घाला.

उष्ण-शीतपणा शेजाऱ्यावर ठरतो हे समजून घ्यायला जळगावपासून साधारण ६० किलोमीटरवर अजिंठा आहे. तिथल्या चित्रकारांची सामग्री मोजकी: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरा, आणि बाहेरून आणलेला लॅपिस लाझुलीचा निळा. तांबड्या गेरूला टेकलेली हिरवी माती चांगलीच थंड दिसते. तीच निळ्याशेजारी आली की उबदार वाटायला लागते. नाकावरचा, हनुवटीवरचा उजाळाही बघा. चेहऱ्याला गोलाई आणायचं काम तिथे रंगापेक्षा व्हॅल्यू करते.

पायरी ६: तक्ता आणि ट्रे

आता कार्डं जमिनीवर मांडा. वरच्या ओळीत ५, तळाला १. डावीकडे शीत, उजवीकडे उष्ण, मध्ये ज्यांचं ठरत नाही ते मातकट रंग आणि काळा-पांढरा. समाधान झालं की फोटो काढून ठेवा, कारण घरात लहान मूल किंवा पंखा यांपैकी काहीतरी असतंच.

छोट्या ट्यूबांना तीस अंड्यांचा ट्रे अगदी मापाचा आहे: पाच ओळी, सहा रकाने. ओळी म्हणजे पायऱ्या; डावे दोन रकाने शीत, मधले दोन तटस्थ, उजवे दोन उष्ण. ट्यूब टोपण खाली करून उभी ठेवायची, म्हणजे रंग तोंडाशी येऊन बसतो. ट्रे प्लास्टिकचा घ्या, कागदी ट्रे पावसाळ्यात दमट होतो. बाटल्या त्यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी केळीच्या पॅकिंगचा जाड पुठ्ठ्याचा खोका आणा, रावेर-सावदा पट्ट्यात त्याला तोटा नाही. त्याच पुठ्ठ्याच्या पट्ट्या आडव्या-उभ्या अडकवून खण करा.

ट्यूबेच्या दुमडलेल्या टोकावर मास्किंग टेप लावून ‘२ शी’, ‘४ उ’ असं लिहा. काम संपल्यावर कुणीही त्या जागेवर परत ठेवू शकतं. कार्डांना एका कोपऱ्यात भोक पाडून कडीत ओवा. पॅलेटवर रंग काढतानाही हाच क्रम ठेवा, हात आपोआप सवयीला लागतो.

पायरी ७: वापरून बघा

भरताचं एक हिरवं वांगं आणा आणि खिडकीशी पांढऱ्या फडक्यावर ठेवा. रंगाचा विचार न करता राखाडी पट्टी हातात धरून डोळे किलकिले करा: उजेडाची बाजू ४, मधली ३, सावली २, देठाखालची फट १. आता ट्रेमधल्या त्या-त्या ओळीतून एकेकच ट्यूब उचला. उष्ण की शीत, हे उजेडावरून ठरवा. उत्तरेच्या खिडकीचा उजेड थंड असतो, तेव्हा उजळ बाजू शीत आणि सावली उष्ण झुकते. तेच वांगं अंगणात उन्हात ठेवलंत तर उलट होतं, उजळ भाग उष्ण आणि सावलीत आभाळाची निळाई. चार ट्यूबांत वांगं उभं राहिलं तर पाचवी उघडू नका.

ऊन, पाऊस आणि पुढची खरेदी

उन्हाळ्यात ट्रे कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात हलवा, पत्र्याखाली आणि गाडीच्या डिकीत तर मुळीच नको. टोपण लावण्याआधी ट्यूबेचं तोंड ओल्या फडक्यानं पुसा, मे महिन्यात अडकलेली निम्मी टोपणं या आळसाची असतात. पोस्टर कलरवर वर्षभर पाण्याचा पातळ थर राहू द्या, पण पावसाळ्यात बाटलीत खरकटा ब्रश बुडवू नका, बुरशी तिथूनच लागते.

तक्ता लावून झाला की त्यातल्या रिकाम्या जागा डोळ्यांत भरतील. बहुतेकांच्या ट्रेमध्ये वरची उजवी बाजू पिवळ्यांनी आणि तळ निळ्यांनी भरलेला असतो, आणि ३ ची शीत जागा मोकळी राहते. तिथे सेरुलियन ब्लू बसतो. तळाच्या उष्ण कोपऱ्यात बर्न्ट अंबर नसेल तर तो घ्या, नाहीतर सगळ्या सावल्या निळ्याकाळ्या होत राहतात. वरचा शीत कोपरा लेमन यलो सोडून विकत घ्यायची गरज नाही, पांढऱ्यात निळ्याचा थेंब घालून तो घरीच होतो. दुकानदार चोवीस रंगांचा संच पुढे करेल. त्यातले निम्मे रंग तुमच्या भरलेल्या खणांतच येऊन पडणार आहेत. कार्डांची कडी खिशात घेऊन जा, सुटी ट्यूब मागा, मागचा क्रमांक वाचा. घरी आणली की आधी तिचं कार्ड करा, वाळल्यावर पट्टी लावा आणि आकडा टेपवर लिहून मगच ट्रेमध्ये ठेवा.